एंट्री परमिट: कमिशन ते कधी काढून घेतं, आणि हातचं जाऊ नये म्हणून काय करायचं

मेलबर्नमध्ये एका युनियनच्या ऑफिसात मी इंडस्ट्रियल ऑफिसर आहे. ऑर्गनायझर मंडळींची, म्हणजे कामगारांना भेटत फिरणाऱ्या युनियनच्या माणसांची, एंट्री परमिटं (कामाच्या जागी आत जाण्याचे परवाने) काढायची, त्यांच्या मुदती सांभाळायच्या, आणि कुणाच्या परमिटवर गदा आली की फेअर वर्क कमिशनपुढे (मालक-कामगार तंटे सोडवणारा ऑस्ट्रेलियाचा सरकारी लवाद) त्याची बाजू मांडायची, हे माझं रोजचं काम. ट्रुगॅनिना, लेव्हर्टन, डँडेनॉन्ग या बाजूच्या गोदामांत आणि कारखान्यांत आपली मराठी माणसं कामाला आहेत. काही जण डेलिगेट, म्हणजे आपल्या जागेवरचे युनियनचे प्रतिनिधी, झालेत, काहींना ऑर्गनायझर व्हायचंय, आणि काही जण समोरच्या बाजूला, म्हणजे सुपरवायझर किंवा एचआरमध्ये आहेत. दोन्हीकडून मला एकच प्रश्न येतो: "ताई, मॅनेजरला युनियनवाल्याचं परमिट रद्द करता येतं का?"

मॅनेजरला नाही करता येत. ते कमिशनच करू शकतं. पण मॅनेजरची तक्रार, निरीक्षकाचा अर्ज आणि कोर्टाचा दंड या सगळ्या वाटा शेवटी कमिशनच्याच टेबलावर येतात. म्हणून त्या कुठून कुठे जातात ते नीट समजून घ्या. परमिट गेलं तर नुसती ऑर्गनायझरची पंचाईत होत नाही. रात्रपाळीला पंधरा मिनिटांच्या ब्रेकमध्ये ज्याला आपली पगाराची स्लिप कुणाला तरी दाखवायची होती, त्याच्याकडे येणारा माणूस बंद होतो. माझ्या दृष्टीने परमिट लंच रूममधल्या त्या माणसाचं आहे. ऑर्गनायझर ते फक्त खिशात वागवतो.

आधी परमिट म्हणजे काय

ऑस्ट्रेलियाचा फेअर वर्क कायदा २००९ चा. त्यातला ३-४ हा भाग कामाच्या जागी प्रवेश करण्याच्या हक्काबद्दल आहे. युनियनचा पदाधिकारी किंवा पगारी कर्मचारी परमिटशिवाय हा हक्क वापरू शकत नाही. युनियन एफ-४२ हा फॉर्म भरून कमिशनकडे अर्ज करते, आणि माणूस 'योग्य आणि लायक' आहे याची खात्री पटली तर कमिशन परमिट देतं. मुदत तीन वर्षं. त्याआधी युनियनमधलं पद सुटलं तर परमिट त्याच दिवशी आपोआप संपतं, कुणाच्या आदेशाची गरज पडत नाही. २३ ऑगस्ट २०२४ ला सीएफएमईयू या युनियनचा बांधकाम विभाग प्रशासकाच्या हाती गेला, पुष्कळ पदं रिकामी झाली, तेव्हा हा साधा नियम लोकांच्या ध्यानात आला. पद गेलेला माणूस जुनं कार्ड घेऊन साइटवर गेला तर तो विनापरवाना गेला, बस.

परमिट हातात असलं की मुख्यतः दोन कामांसाठी आत जाता येतं. एक, आपल्या सभासदाच्या बाबतीत कायदा मोडला गेल्याचा रास्त संशय असेल तर तपासासाठी, कलम ४८१ खाली. दोन, कामगारांशी बोलण्यासाठी, कलम ४८४ खाली. दुसऱ्या कामासाठी ते कामगार सभासद असायलाच हवेत असं नाही. युनियनच्या नियमावलीप्रमाणे त्यांचं प्रतिनिधित्व करता येत असलं आणि त्यांना बोलायचं असलं की पुरे.

माझे वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात होते. त्यांच्या युनियनचे पुढारी गेटच्या बाहेर सभा घ्यायचे, पाळी सुटायच्या वेळी. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मान्यताप्राप्त युनियनला आत जाऊन सभासदांशी चर्चा करायचा, नोटीस बोर्ड लावायचा, वर्गणी गोळा करायचा हक्क कलम २० ने दिला होता, पण तो मान्यता मिळालेल्या युनियनला. इथे हक्क माणसागणिक आहे. नाव, फोटो, मुदत असलेलं कार्ड. म्हणून इथे शिस्तही माणसागणिक मोजली जाते, आणि शिक्षाही एकेकट्याला होते. भारतात युनियनचं काम करून आलेल्यांना हा फरक अंगवळणी पडायला वेळ लागतो.

कमिशनकडे जाणाऱ्या चार वाटा

कलम ५०५ ही वादाची वाट. आत जाण्यावरून मालक आणि युनियन यांच्यात तंटा झाला, उदाहरणार्थ कोणती खोली वापरायची, मागितलेली कागदपत्रं द्यायची की नाही, तर दोघांपैकी कुणीही कमिशनकडे जाऊ शकतं. बरेचसे तंटे फोनवरच्या बैठकीत मिटतात. पण लवादाने निकाल द्यायची वेळ आली तर कमिशन परमिटवर अटी घालू शकतं, ते निलंबित करू शकतं, रद्दही करू शकतं. मॅनेजर धमकी देतो तेव्हा बहुधा त्याच्या डोक्यात ही वाट असते.

कलम ५०७ मध्ये निरीक्षक, म्हणजे फेअर वर्क ओम्बड्समन या कामगार कायदा पाळला जातो का ते तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाचा माणूस, किंवा नियमांनी ठरवून दिलेली व्यक्ती एखाद्या परमिटधारकाविरुद्ध अर्ज करते. इथे कमिशन परमिट देताना जे पाहतं तेच पुन्हा पाहतं: प्रशिक्षण झालंय का, औद्योगिक कायद्याखाली शिक्षा झालीय का, फसवणूक, मारहाण, मालमत्तेची नासधूस किंवा कुणाच्या आवारात घुसण्याचा गुन्हा आहे का, आधी कधी दंड झालाय का, आधीचं परमिट कधी काढून घेतलं होतं का.

कलम ५०८ गैरवापराचं. यात एकट्या माणसाबरोबर अख्ख्या युनियनवरही बंधनं येऊ शकतात, आणि कमिशन ते स्वतःहूनही सुरू करू शकतं. मालकाला अडवायच्या किंवा छळायच्या हेतूने पुन्हा पुन्हा आत जाणं हा गैरवापर. हेतू तसा नसला पण परिणाम तसा झाला, तरीही गैरवापर. सभासद व्हा म्हणून सांगताना कामात अवाजवी व्यत्यय आणणं हाही. इथे 'परिणाम' हा शब्द नवख्या ऑर्गनायझरने नीट वाचावा. "माझ्या मनात तसं काही नव्हतं" एवढं म्हणून सुटका होत नाही.

चौथी वाट कलम ५१०, आणि तिच्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण तिथे कमिशनला 'करता येईल' असं नसून 'करावंच लागेल' असं आहे.

कलम ५१०: जिथे कमिशनचे हात बांधलेले असतात

पहिलं परमिट मिळाल्यानंतर पुढीलपैकी काहीही घडलं की कमिशनला त्या माणसाकडचं प्रत्येक परमिट रद्द किंवा निलंबित करावं लागतं. स्वतःला नसलेला प्रवेशाचा अधिकार आहे असं भासवल्याचं कोर्टात सिद्ध झालं. तपासात मिळालेली माहिती भलत्याच कामासाठी वापरली किंवा उघड केली. त्या माहितीबद्दलची तक्रार गोपनीयता कायद्याखाली खरी ठरली. या भागातला नियम मोडल्याबद्दल दंड झाला. एखाद्या राज्याच्या औद्योगिक कायद्याखाली त्याचा प्रवेशाचा हक्क रद्द किंवा निलंबित झाला. किंवा राज्याच्या कामाच्या जागेवरील सुरक्षेच्या कायद्याखाली आत जाऊन त्या कायद्याने परवानगी न दिलेलं काही केलं.

यातला दंडाचा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना भोवतो, आणि त्यात दोन बारकावे आहेत.

पहिला: दंड तुम्हालाच झाला पाहिजे असं नाही. तुमच्या कृत्याबद्दल दंड 'दुसऱ्या व्यक्तीला' झाला तरी हे कलम लागू होतं, आणि ती दुसरी व्यक्ती बहुतेक वेळा युनियनच असते. कोर्टात तडजोड करताना वकील कधी कधी सुचवतात, ऑर्गनायझरला दंड नको, युनियनच भरेल. पैशाच्या दृष्टीने ठीक. परमिटच्या दृष्टीने काहीच वाचत नाही.

दुसरा: दंड 'या भागातल्या' नियमाबद्दल असावा लागतो. बेकायदा संपाबद्दल किंवा दबाव टाकल्याबद्दल झालेला दंड कायद्याच्या दुसऱ्या भागातला, त्याने ५१० आपोआप लागू होत नाही. मात्र नूतनीकरणाच्या वेळी तो पुढ्यात येतोच, आणि ५०७ खालीही येऊ शकतो. म्हणून निकालाची प्रत हातात आली की आधी कलमांचे आकडे पाहा. ४८१ ते ५१७ च्या दरम्यानचं काही असेल तर त्याच दिवशी ऑफिसला कळवा.

सुरक्षेच्या मुद्द्यावरून आत जाताना व्हिक्टोरियात आणखी एक गुंता आहे. इथल्या २००४ च्या सुरक्षा कायद्याखाली युनियनच्या प्रतिनिधीला मॅजिस्ट्रेट कोर्टाकडून वेगळं परमिट घ्यावं लागतं. दोन कार्डं, दोन कायदे. एका कार्डाच्या जोरावर दुसऱ्याचं काम करायला गेलात तर दोन्ही धोक्यात येतात.

आता शिक्षेचं माप. या कलमाखाली पहिल्यांदा कारवाई होत असेल तर निलंबन कमीत कमी तीन महिने. आधी एकदा झाली असेल तर कमीत कमी बारा महिने. एकाहून जास्त वेळा झाली असेल तर पाच वर्षं. याहून जास्त देता येतं, कमी नाही. शिवाय निलंबन असो वा रद्द, नवीन परमिट न देण्याची बंदीही सोबत घालावी लागते, आणि ती या किमान मुदतीपेक्षा लहान असू शकत नाही. म्हणजे जुनं सोडून देऊन नवीन अर्ज करू, ही पळवाट बंद आहे.

सुटकेची जागा एकच, आणि तीही फक्त दंड आणि सुरक्षा कायदा या दोन कारणांपुरती: निलंबन किंवा रद्द करणं त्या परिस्थितीत कठोर किंवा गैरवाजवी ठरेल असं कमिशनला पटवून द्यायचं. एकाच घटनेवर दोनदा कारवाई मात्र होत नाही. कमिशनने एकदा ती घटना धरून या कलमाखाली कारवाई केली की तीच पुन्हा धरता येत नाही, म्हणून जुना आदेश जपून ठेवा.

परमिट गेटवर टिकतं

माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रकरणांची सुरुवात क्वचितच मोठ्या गोष्टीतून होते. सुरुवात नोटिशीतून होते.

नोटीस किमान २४ तास आधी आणि जास्तीत जास्त १४ दिवस आधी, कामाच्या वेळेत पोचली पाहिजे. तिच्यावर जागा, दिवस, युनियनचं नाव आणि कोणत्या कलमाखाली येतोय ते हवं. चर्चेसाठी जात असाल तर तिथल्या किमान एका कामगाराचं प्रतिनिधित्व करायचा युनियनला हक्क आहे असं निवेदन, आणि नियमावलीतला कोणता नियम तो हक्क देतो, ते. तपासासाठी जात असाल तर संशयाचा तपशील. मी प्रत्येक ऑर्गनायझरला सांगते, जागेचा पत्ता मालकाच्या लेटरहेडवरून उतरवू नका, गेटवरच्या पाटीवरून उतरवा. गोदामांच्या भागात एकाच कंपनीची तीन शेड तीन पत्त्यांवर असतात. कार्यालयाच्या पत्त्यावर नोटीस आणि पाय शेडमध्ये, म्हणजे नोटीस नव्हतीच.

वेतन बुडवल्याचा संशय असेल आणि आधी कळवलं तर पुरावा गायब होईल असं वाटत असेल, तर कमिशनकडे नोटिशीतून सूट देणारं प्रमाणपत्र मागता येतं. १ जुलै २०२४ पासून वेतन कमी दिल्याच्या प्रकरणांत ही सोय आणखी स्पष्ट झाली. स्टुडंट व्हिसावरच्या मुलांना रोख पैसे देणाऱ्या जागांसाठी हा चांगला मार्ग आहे. पण आधी प्रमाणपत्र, मग गेट. उलटं करू नका.

गेटवर परमिट मागितलं तर दाखवा. फोटो काढू द्यायचा की नाही यावर वाद घालू नका, त्यात काही नुकसान नाही. सुरक्षेची रास्त मागणी, म्हणजे बूट, जॅकेट, इंडक्शनचा (आत जाण्याआधीच्या सुरक्षा-सूचनांचा) व्हिडिओ, हे सगळं पाळा. इंडक्शन मुद्दाम लांबवतायत असं वाटलं तर वेळ लिहून ठेवा आणि बाहेर येऊन मला फोन करा.

चर्चा ब्रेकमध्येच. स्मोको, म्हणजे चहाची छोटी सुट्टी, दहा मिनिटांचा असेल तर दहाच मिनिटं. जागा दोघांच्या संमतीने ठरते, आणि संमती झाली नाही तर लोक जिथे जेवतात ती खोली तुमची. हा नियम १ जानेवारी २०१४ पासून आहे, आणि तो तुमच्या बाजूचा आहे. मॅनेजरच्या काचेच्या केबिनशेजारची मीटिंग रूम घ्या म्हणतील, तिथे एकही माणूस येणार नाही हे त्यांनाही माहीत असतं. नम्रपणे सांगा, आमची संमती नाही, आम्ही लंच रूममध्ये बसतो. मात्र लंच रूमपर्यंत कोणत्या वाटेने जायचं याची रास्त सूचना मालक देऊ शकतो, ती पाळा. वाट सोडून यार्डातून जाणं हा नसता व्याप आहे.

असंच एक प्रकरण मी जवळून हाताळलं. ऑर्गनायझर तरुण, कामाचा, लोकांचा लाडका. पश्चिमेकडच्या एका मोठ्या गोदामात नोटीस देऊन गेला, सगळं रीतसर. लंच रूमकडे जाताना रॅकिंगच्या ओळीत एक मुलगा ट्रॉली ओढताना दिसला, पाय लंगडत होता. ऑर्गनायझर वाट सोडून आत गेला. सुपरवायझर धावत आला, बाहेर व्हा म्हणाला. ऑर्गनायझरने मागून येणाऱ्या फोर्कलिफ्टपुढे हात आडवा करून ती थांबवली आणि सुपरवायझरला दोन शिव्या हासडल्या. फोर्कलिफ्ट दीड-दोन मिनिटं थांबली असेल. तेवढ्यावरून अडथळा आणि अयोग्य वागणूक, कलम ५००, कोर्टात दंड. दंड झाला म्हणून ५१० लागू. त्या मुलाचा पाय खरंच सुजलेला होता, आणि त्याच्याबद्दल काळजी वाटणं चूक नव्हतं. पण ऑर्गनायझरने लंच रूममध्ये बसून सुरक्षा प्रतिनिधीला बोलावलं असतं तर मुलालाही आधी मदत मिळाली असती आणि दंडाचा प्रश्नच आला नसता.

आम्ही 'कठोर किंवा गैरवाजवी' हा मुद्दा मांडला. पटला नाही. पहिलीच वेळ म्हणून किमान, तीन महिने, आणि तेवढीच बंदी. त्याच्या सभासदांपैकी बऱ्याच जणांना त्या तीन महिन्यांत पगारवाढीच्या करारावर मत द्यायचं होतं. दुसरा ऑर्गनायझर पाठवला, पण ओळख नसलेल्या माणसापुढे लोक तोंड उघडत नाहीत.

आत जाऊच दिलं नाही तर? मालकाने प्रवेश नाकारणं किंवा मुद्दाम अडवणं हा त्याच्याकडून कायद्याचा भंग ठरू शकतो, दंडही त्यालाच होईल. पण ढकलाढकली केलीत तर प्रकरण उलटतं. तारीख, वेळ, कोण बोललं, नेमके शब्द काय, एवढं लिहा आणि निघा. आम्ही ५०५ खाली अर्ज करू. माझ्याकडे प्रत्येक ऑर्गनायझरची नोंदवही आहे, आणि एकदा एका सुपरवायझरने आरडाओरडा केल्याचा आरोप केला तेव्हा त्याच मिनिटाला लिहिलेली नोंद आणि लंच रूममधल्या दोघांची निवेदनं समोर ठेवल्यावर त्या आरोपाचा अर्ज मागे घेतला गेला. महिन्याभराने आठवून लिहिलेल्या नोंदीला ती किंमत राहत नाही.

कमिशनचं पत्र आलं तर

पहिलं काम, पत्र कोणत्या कलमाखाली आलंय ते वाचा. ५०७ असेल तर लढाई लायकीची आहे, ५०८ असेल तर वागण्याच्या पद्धतीची, ५१० असेल तर बहुतेक वेळा फक्त 'कठोर किंवा गैरवाजवी' एवढ्यापुरती. ५१० च्या उत्तरात "घटना घडलीच नाही" असं लिहिणं म्हणजे कोर्टाने ठरवलेलं कमिशनपुढे पुन्हा उकरणं. ते कुणी ऐकणार नाही, उलट ऑर्गनायझरला अजून कळलेलं नाही असंच दिसेल.

मुदत किती दिली आहे ती पाहा आणि वाढवून हवी असेल तर लगेच, कारणासह मागा. शेवटच्या दिवशी मागितलेली मुदतवाढ मिळाली तरी चांगलं दिसत नाही.

उत्तरात काय घालायचं? माझा अनुभव सांगते. कमिशनला घटनेपेक्षा घटनेनंतरचं जास्त पाहायचं असतं. त्यानंतर किती काळ गेला आणि त्या काळात किती प्रवेश निर्वेध झाले, हे नोंदवहीतून तक्त्याने द्या. पुन्हा प्रशिक्षण घेतलं का, एसीटीयूचा (ऑस्ट्रेलियातल्या युनियनांच्या महासंघाचा) राइट ऑफ एंट्रीचा, म्हणजे प्रवेशाच्या हक्काचा, कोर्स नव्याने केला असेल तर त्याचं प्रमाणपत्र जोडा. कोर्टात चूक लवकर मान्य केली का, दंड भरला का. युनियनने काय बदललं, उदाहरणार्थ नव्या साइटवर पहिल्यांदा दोघांनी जायचं असा नियम. आणि परमिट गेल्याने कुणाचं नुकसान होईल: किती साइट, किती सभासद, दुसरं कोण जाऊ शकतं. शेवटचा मुद्दा लिहिताना फुगवू नका. दुसरे चार ऑर्गनायझर त्याच भागात असतील तर तसं सांगा. कमिशनला ते परमिटच्या नोंदीतून कळतंच.

ऑर्गनायझरचं स्वतःचं लेखी निवेदन असायलाच हवं, आणि ते त्याच्या शब्दांत. मी मसुदा लिहून देत नाही, प्रश्न विचारते आणि त्याला लिहायला लावते. "माझ्या वर्तनाबद्दल मला खेद वाटतो" या वाक्याचा काही उपयोग नाही. "फोर्कलिफ्टवाल्याला अचानक ब्रेक लावावा लागला, मागे माणूस होता, त्याला इजा झाली असती" असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं की याने विचार केलाय.

वकील हवाच असं नाही. वकील उभा करायला कमिशनची परवानगी लागते, पण युनियनचा स्वतःचा कर्मचारी बाजू मांडू शकतो. साक्षीदार उलटतपासणीला उभे राहणार असतील तर मात्र अनुभवी माणूस बरोबर घ्या.

अटींचा पर्याय ५०५, ५०७ आणि ५०८ मध्ये असतो, त्याचा विचार आधीच करून ठेवा. परमिट रद्द होण्यापेक्षा "अमुक साइटवर दुसऱ्या परमिटधारकासोबतच जाईन" अशी अट बरी. पण ती पाळता येईल का हे ऑर्गनायझरला विचारूनच सुचवा. 

आदेश झाल्यावर

परमिट सात दिवसांत कमिशनला परत करा. कार्ड ड्रॉवरमध्ये राहिलं, गाडीत राहिलं, ही कारणं चालत नाहीत. निलंबनाच्या किंवा बंदीच्या मुदतीत ऑर्गनायझरने प्रवेशाचा हक्क वापरून कुठेही जायचं नाही, आणि "मी युनियनचा, आत येतोय" असं म्हणायचंही नाही, कारण अधिकार असल्याचं भासवणं हाच ५१० मधला पहिला मुद्दा. फोन करायला, बाहेर कॅफेत भेटायला, डेलिगेटला मार्गदर्शन करायला काही हरकत नाही. सभासदांना कळवा की आता कोण येणार आहे आणि का. आम्ही खरं कारण सांगतो. लपवलं की अफवा आधी पोचते.

अपील कमिशनच्याच पूर्ण पीठाकडे २१ दिवसांत, आणि त्यासाठी आधी परवानगी लागते. आदेशाला तोवर स्थगिती हवी असेल तर वेगळी मागावी लागते. तीन महिन्यांच्या निलंबनावर अपील करायचं का, हे मी थंड डोक्याने ठरवायला सांगते. कायद्याचा खरा प्रश्न असेल तर करा. नुसता राग असेल तर त्या तीन महिन्यांत दुसऱ्या ऑर्गनायझरला त्या साइट्सची ओळख करून द्या, ते जास्त कामाचं.

सुपरवायझर आणि एचआरमधल्या मराठी मित्रांनो, तुमच्यासाठीही थोडं. "परमिट रद्द करीन" हे वाक्य तोंडातून काढू नका, तो तुमचा अधिकार नाही आणि ते लिहून ठेवलं जातं. नोटीस तपासा, परमिटची मुदत पाहा, शंका असेल तर फोनवर विचारा. ऑर्गनायझर खरंच चुकला तर घटना त्याच दिवशी लिहा आणि ५०५ ची वाट धरा. गेट बंद करून बसलात तर चूक तुमच्या पदरात येईल.

निलंबनाची मुदत संपली आणि परमिटची तीन वर्षांची मुदत अजून संपली नसेल तर कार्ड परत मिळण्यासाठी अर्ज करावा लागतो, ते आपोआप टपालाने येत नाही. आणि पुढच्या नूतनीकरणाच्या फॉर्ममध्ये झालेलं निलंबन, दंड, अटी सगळं लिहा, आदेशाच्या प्रतीसह. फॉर्मवर ऑर्गनायझर आणि युनियन दोघांची घोषणा असते. लपवलेलं जुनं निलंबन सापडलं की ते तीन महिन्यांचं राहत नाही, लायकीचा प्रश्न होतो, आणि तिथे 'पहिलीच वेळ' म्हणून काही सूट नाही. मी प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावरच लाल पेनाने लिहून ठेवते: निलंबन कधी, कोणत्या कलमाखाली, आदेशाचा क्रमांक काय. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान दोन महिने आधी टाका, म्हणजे कमिशनने जुन्या आदेशाबद्दल प्रश्न विचारले तरी उत्तर द्यायला वेळ राहतो आणि मधल्या काळात ऑर्गनायझर परमिटशिवाय राहत नाही.